वर्कशॉपच्या पत्र्याला 'उष्णतारोधक' रंग: उन्हाळ्यात खरंच फरक पडतो का?

उद्यमबाग_टर्निंग

नमस्कार मंडळी. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत आमचं मशीन शॉप आहे. शेड ४० बाय ७५ फूट, वर जुना जीआय (जस्ताचा थर दिलेला लोखंडी) पत्रा, वळचणीला उंची १४ फूट. खाली लेथ, दोन सीएनसी, एक ग्राइंडर. काम मुख्यतः हायड्रॉलिक सिलिंडर आणि व्हॉल्व्हच्या स्पूलचं (आत सरकणाऱ्या दांडीचं).

होळी झाली की दुपारी बारा ते चार आत उभं राहवत नाही. बेळगाव थंड म्हणून सगळीकडे नाव आहे, पण ते झाडाखाली. पत्र्याखाली डोकं तापतं, पोरं ओला टॉवेल बांधून मशीनवर उभी असतात. सीएनसीचा ड्राइव्ह दुपारी ट्रिप होतो. सकाळी बरोबर आलेलं माप दुपारी बसत नाही.

एका डीलरने इन्सुलेटिंग पेंट सुचवलाय. त्यात सिरॅमिकचे पोकळ मणी असतात म्हणे, आणि दोन हात मारले की इंचभर थर्माकोल लावल्यासारखं होतं म्हणे. भाव साध्या पांढऱ्या रूफ कोटिंगच्या तिप्पट. शेड मोठी आहे, रक्कम लहान नाही. ज्यांनी लावलाय त्यांनी सांगावं, आणि ज्यांना यातलं कळतं त्यांनीही सांगावं. सध्या जानेवारी आहे, करायचं तर आत्ताच.

होनगा_फॅब

आमच्या होनग्याच्या शेडला पांढरं अॅक्रिलिक कोटिंग केलंय, मण्यांचं नाही, साधं. पहिल्या उन्हाळ्यात फरक इतका जाणवला की वेल्डरनीच विचारलं, वर काय केलं म्हणून. दुसऱ्या वर्षी तेवढा राहिला नाही. छप्पर धुळीने मळकट झालं होतं. धुवून घेतल्यावर पुन्हा बरं वाटलं. एवढंच सांगू शकतो, शास्त्र कुणीतरी सांगा.

टिळकवाडी_मेकॅनिकल

दादा, डीलरने दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करून सांगितल्यात, त्या आधी सोडवू.

पहिली, ऊन परत पाठवणं. एप्रिलच्या दुपारी आडव्या छपरावर चौरस मीटरला साधारण १००० वॅट ऊन पडतं. जुना, काळवंडलेला पत्रा त्यातलं ७०० च्या आसपास पिऊन घेतो. चांगला पांढरा थर २०० च पितो, उरलेलं आल्या वाटेने परत जातं. शिवाय पांढरा रंग स्वतः तापला तरी ती उष्णता आकाशाकडे चटकन सोडून देतो. नवा चकचकीत जीआय पत्रा ऊन बऱ्यापैकी परतवतो, पण तापल्यावर उष्णता सोडायला फार कंजूष असतो, म्हणून तोही भाजतो. बाहेर ३६ अंश असताना जुना पत्रा ६० च्या वर जातो आणि पांढरा केलेला ४०-४५ वर थांबतो. हे भौतिकशास्त्र आहे, यात कुणाचं दुमत नाही.

दुसरी, उष्णता अडवणं, म्हणजे इन्सुलेशन. हे थराच्या जाडीवर चालतं. सुकलेला रंग जाड जाड म्हटला तरी ०.३ मिलिमीटर. मण्यांमुळे तो थर कितीही चांगला रोधक झाला असं धरलं तरी त्याचा रोध पाव मिलिमीटर थर्माकोलइतकासुद्धा भरत नाही. इंचभर थर्माकोल म्हणजे २५ मिलिमीटर. आता तुम्हीच भागाकार करा. मणी खोटे नाहीत, पोकळही आहेत, पण इतक्या पातळ थरात त्यांना करण्यासारखं काही उरत नाही.

अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२० मध्ये अशाच दाव्यांवरून चार कंपन्यांवर खटले भरले होते. रंगाची आर-व्हॅल्यू (उष्णता अडवण्याचा आकडा) फुगवून सांगितली, हीच तक्रार. म्हणजे ही गोष्ट आपल्याकडचीच आहे असं नाही.

डीलरकडे तीनच आकडे मागा, तेही लॅबच्या रिपोर्टसकट: सोलर रिफ्लेक्टन्स (ऊन किती परतवतो), थर्मल एमिटन्स (तापल्यावर उष्णता किती सोडतो) आणि एसआरआय (दोन्ही मिळून एक आकडा). पहिला ०.८० च्या आसपास, दुसरा ०.८५-०.९० आणि एसआरआय १०० च्या जवळ असेल तर माल चांगला. मग त्यात मणी असोत की नसोत. आणि जे दोन-तीन वर्षं उघड्यावर ठेवलेल्या नमुन्याचा आकडा देतात, त्यांना जास्त मान द्या. नवा थर ०.८० देतो, धूळ बसली की ०.६५ च्या आसपास येतो. होनग्याच्या दादांना दुसऱ्या वर्षी जे जाणवलं ते हेच.

मापाच्या गोष्टीवर वेगळं लिहितो, ती रंगाने पूर्ण सुटणारी नाही.

अथणी_इंजिनिअरिंग

आमच्याकडं अथणीला पारा तुमच्यापेक्षा वर असतोय आणि हवा कोरडी. आम्ही चंदेरी अॅल्युमिनियम पेंट मारला होता. फरक पडला, पण पांढऱ्याएवढा नाही. शेजारच्या शेडचा पत्रा पांढरा आहे, दोन्हीकडं हात लावून बघितलं की कळतंय. का ते सांगा की साहेब.

टिळकवाडी_मेकॅनिकल

अण्णा, चंदेरी रंगात अॅल्युमिनियमची पूड असते. ती ऊन परतवते, पण तापल्यावर उष्णता सोडत नाही, चकचकीत पत्र्यासारखीच. उन्हासाठी वरून पांढरा. चंदेरीचा उपयोग पत्र्याच्या खालच्या बाजूला, कारण तिथे आपल्याला उष्णता सोडणारा पृष्ठभाग नकोच असतो.

आता मापाचं. स्टील एका मीटरला एका अंशाला साधारण ११.५ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) वाढतं. १०० मिलिमीटरचा बोअर सकाळच्या २४ अंशावरून दुपारी ३४ वर गेला तर ११-१२ मायक्रॉन मोठा लागणार. स्पूल आणि बॉडीमधली फटच काही मायक्रॉनची असते, मग जॉब रिजेक्ट होणारच. मापासाठी जगभर धरलेलं तापमान २० अंश आहे, ते आपल्या शेडमध्ये कुठून येणार? पण स्टीलचा जॉब आणि स्टीलचा गेज (माप तपासायचं साधन) एकाच तापमानाला असतील तर दोन्ही सारखेच वाढतात आणि चूक बरीचशी एकमेकांत जिरते. खरी अडचण जॉब मशीनवरून गरम उतरतो आणि गेज टेबलवर थंड पडलेला असतो, त्याची आहे. जॉब आणि गेज एकाच सरफेस प्लेटवर तासभर शेजारी ठेवा, मग मोजा. एक लहानशी खोली एसी करून फायनल मापं तिथे घ्या. अख्खी शेड थंड करण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

वडगाव_माग

आमचं दुखणं थोडं निराळं. वडगावात आमचे पॉवरलूम आहेत, साडीचं काम. छप्पर सिमेंटच्या पत्र्याचं. हवा तापून कोरडी झाली की ताण्याचे धागे तुटायला लागतात, दर थोड्या वेळाने माग बंद. त्यामुळे थंडावा पाहिजे पण ओलही पाहिजे.

आम्ही दर वर्षी वर चुना मारतो. विरवलेला चुना गाळून घ्यायचा, त्यात थोडा डीडीएल (चुना धरून ठेवणारा गोंद), आणि कुंच्याने दोन हात. खर्च फार नाही, उन्हाळा निघतो. पहिला जोराचा वळीव आला की थोडा जातो, पावसाळ्यात उरलेला. चुना चालतो की रंगच मारावा?

रंगकाम_शहापूर

वडगावच्या काकांनी सिमेंट पत्र्याचं सांगितलं ते बरोबर, त्याला चुना धरतो. पण उद्यमबागेच्या दादांनी जीआय पत्र्याला चुना मारू नये. ताजा चुना जस्ताला खातो, आणि लोखंडी पत्रा उन्हात ताणतो-आकसतो त्यात चुन्याची खपली सुटते.

माझं कामच शेडच्या छपराचं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. रंग कुठल्या कंपनीचा यापेक्षा खाली पत्रा कसा तयार केला यावर सगळं असतं. आधी उंच दाबाच्या पाण्याने धुलाई. उद्यमबागेत छपरावर माती कमी आणि लोखंडाची बारीक काळी धूळ जास्त. ती पन्हळीच्या तळाला पावसाबरोबर बसून गंजते आणि तांबूस रेघ पडते. ती रेघ वायर ब्रशने घासून काढल्याशिवाय वर पांढरा मारला तर पहिल्याच पावसाळ्यात तीच तांबूस रेघ पांढऱ्यातून वर येते. मग शेवाळ. खानापूरकडच्या शेडना तर उत्तरेच्या उतारावर हिरवा थरच असतो, तो ब्लिचिंग पावडरच्या पाण्याने मारून, घासून, पुन्हा धुवायचा.

गंज दिसतो तिथे प्राइमर. आता एक गोष्ट नीट ऐका: नव्या जीआय पत्र्यावर सरळ रेड ऑक्साइड मारू नका. तेलाचा रंग आणि जस्त यांचं आपसात जमत नाही, मधे साबणासारखा थर तयार होतो आणि रंग कागदासारखा सोलून येतो. गॅल्व्हनाइज्डसाठीचा एच (etch) प्राइमर मिळतो, तो घ्या. जुन्या, मऊ राखाडी झालेल्या पत्र्यावर चांगलं अॅक्रिलिक धरतं, तरी एका कोपऱ्यात मारून, सुकल्यावर चिकटपट्टी लावून झटक्याने ओढून बघायचं. पट्टीला रंग आला तर प्राइमर पाहिजेच.

जे-बोल्टचे वायसर तपासा. डांबराचे जुने वायसर फुटलेले असतात, ते बदला, बोल्टच्या डोक्यावर आणि पत्र्याच्या जोडावर सीलंट भरा. छपरावर चढलाच आहात तर गळती त्याच खर्चात बंद होते.

रंग पहाटे ते नऊ-साडेनऊपर्यंतच. पत्रा तापला की पाण्याचा रंग मारता मारता वाळतो, आत धरत नाही. दोन हात, पहिला उतारावर उभा, दुसरा आडवा. हिशोब करताना ४० बाय ७५ म्हणजे ३००० फूट धरू नका. उतार आणि पन्हळी मिळून पत्रा १५-२० टक्के जास्त भरतो. कमी माल आणला की शेवटी पाणी घालून रंग पुरवतात, आणि तिथेच काम फसतं. ओल्या थराची जाडी मोजायची लहान कंगव्यासारखी पट्टी असते, ती रंगाऱ्याकडे आहे का विचारा. नसेल तर दुसरा बघा.

मच्छे_फौंड्री

आमच्याकडं भट्टी आहे, म्हणून एक सांगावंसं वाटतं. रंग फक्त वरनं येणाऱ्या उन्हाला अडवतोय. आत जी उष्णता तयार होते तिला रंगानं काही होत नाही. आमच्या शेडमध्ये इंडक्शन फर्नेस आणि ओतकाम, तिथं छप्पर चांदीचं केलं तरी काय फरक पडणार? आम्ही कैचीच्या (छपराच्या त्रिकोणी सांगाड्याच्या) टोकाला रिज व्हेंट, म्हणजे गरम हवा जायला फट, ठेवला आणि खालच्या भिंतीला जाळ्या काढल्या, त्यानं जे झालं ते रंगानं झालं नसतं.

मशीन शॉपवाल्यांनी एक बघावं. कॉम्प्रेसर कुठं ठेवलाय? तो जितकी वीज खातोय ती जवळजवळ सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. दहा एचपीचा कॉम्प्रेसर आत म्हणजे सात-आठ किलोवॅटची शेगडी आत. बाहेर छोटं छप्पर करून तिथं हलवा, लाइन आत आणा.

टिळकवाडी_मेकॅनिकल

मच्छेच्या साहेबांशी शंभर टक्के सहमत. पांढरं छप्पर आणि गरम हवेला वाट, या जोडीनेच काम होतं. टर्बो व्हेंटिलेटर (छपरावरचे फिरते झरोके) बसवणारे खूप आहेत, पण वर आठ भोकं पाडून खाली खिडक्या बंद ठेवल्या तर हवा येणार कुठून? जेवढी जागा वर बाहेर जायला, निदान तेवढी खाली आत यायला. उन्हाळ्यात दुपारनंतर बेळगावात पश्चिमेचा वारा सुटतो, तो फुकट मिळतोय. पश्चिमेच्या भिंतीला खालच्या बाजूला लूव्हर (तिरप्या पट्ट्यांचा झरोका) काढा, त्यावर सावली मात्र करा.

उद्यमबाग_टर्निंग

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं तपशीलवार उत्तर मिळेल असं वाटलं नव्हतं. अजून थोडं विचारतो. आतून रंग मारला तर चालेल का, म्हणजे वर चढायला नको? डेझर्ट कूलरचं काय? आणि वर सोलर पॅनेल बसवायचा विचार आहे, मग रंगाचा खर्च वाया का?

टिळकवाडी_मेकॅनिकल

आतून पांढरा मारून उजेड वाढेल, गारवा नाही. ऊन पत्र्यात शिरून झालेलं असतं. आतून करायचंच तर पर्लिनच्या (पत्रा ज्यावर बसतो त्या आडव्या पट्ट्यांच्या) खाली फॉइल ताणा, चकचकीत बाजू खाली, पत्रा आणि फॉइलमध्ये हवेची जागा सोडून. ६५ अंशाचा काळा पत्रा खालच्या माणसावर चौरस मीटरला २०० वॅटच्या आसपास झळ टाकतो, तीच तुम्हाला डोक्यावर जाणवते. फॉइल ती बरीच तोडते. मात्र वेल्डिंग आणि ग्राइंडिंगची ठिणगी उडते तिथे फॉइलच्या मागे काय आहे ते बघून घ्या, आग धरणारा फोम नको.

कूलर कोरड्या हवेत छान चालतो. अथणीकडे पूर्ण उन्हाळा, आपल्याकडे मार्च-एप्रिलात. मेमध्ये वळवानंतर हवेत दमटपणा येतो, मग तो नुसता ओला वारा देतो. तुमच्याकडे ग्राइंड केलेले स्पूल उघडे असतील तर त्यांना गंज येईल, त्या भागात कूलर नको. वडगावच्या काकांच्या मागांना मात्र तीच ओल उपयोगी आहे.

सोलर लावणार असाल तर आधी रंग, मग पॅनेल. पॅनेलखालचा पत्रा सावलीत जातो ही चांगलीच गोष्ट, पण नंतर त्याखाली हात पोचत नाही. आणि खालून गरम वारा कमी लागला तर पॅनेलही थोडी जास्त वीज देतात. हेस्कॉमचे (वीज कंपनीचे) कागद करायच्या आधी कैचीला भार झेपतो का ते स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून बघून घ्या.

खानापूर_सॉमिल

एक गोष्ट अजून कुणी लिहिली नाही म्हणून लिहितो. छपरावर चढणाऱ्या माणसाचा जीव. आमच्या भागात एका शेडवर रंगाच्या कामाला आलेला मुलगा उजेडाच्या फायबर पत्र्यावर पाय ठेवून खाली गेला. तो वाचला, पण कमरेतून अधू झाला. ठेकेदाराने दोरीसुद्धा दिली नव्हती.

फायबरचा पत्रा धूळ बसली की बाकीच्या पत्र्यासारखाच दिसतो. काम सुरू करायच्या आधी खालून उजेड कुठून येतो ते बघून वर त्यावर लाल फुल्या मारा. चालायचं ते बोल्टच्या रांगेवरून, म्हणजे पर्लिनवरून. सिमेंट पत्र्यावर तर फळी टाकल्याशिवाय पाऊल नको. कैचीला बांधलेली लाइफलाइन आणि कमरेचा नाही, पूर्ण अंगाचा बेल्ट. पाणी सांडलेल्या पांढऱ्या ओल्या रंगावरून घसरायला क्षण लागत नाही. हे मालकाने कामाच्या ऑर्डरमध्ये लिहून द्यावं आणि स्वतः उभं राहून बघावं. पैसे देणारा आपण आहोत.

रंगकाम_शहापूर

खानापूरचे दादा, फार गरजेचं लिहिलंत. त्यात एवढंच घालतो: जुन्या सिमेंट पत्र्यात अॅस्बेस्टॉस असतं. तो कोरडा घासायचा नाही, वायर ब्रश तर मुळीच नाही. पाण्याने ओला ठेवून मऊ ब्रशने शेवाळ काढायचं, तोंडाला चांगला मास्क. वडगावच्या काकांनी चुना चालू ठेवला तरी हरकत नाही, पण दर वर्षी माणूस वर चढवण्यापेक्षा एकदाच चांगलं कोटिंग करून घ्यावं असं माझं मत.

नंदगड_वकिली

मालक लोकांसाठी एक नोंद. १९४८ च्या फॅक्टरीज अॅक्टचं (२०२५ मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली) कलम १३ बघा. भिंती आणि छप्पर अशा साहित्याचे असावेत की आतलं तापमान शक्य तितकं कमी राहील, अशी अपेक्षा त्यात तेव्हापासून होती. बाहेरून पांढरं करणं, छपराची उंची वाढवणं, दुहेरी छप्पर, हे उपायही त्याच्या मूळ मजकुरात होते. कामगाराला सावली आणि हवा देणं ही मालकाची मेहेरबानी नव्हे. तेलंगणाने तर २०२३ मध्ये कूल रूफचं स्वतंत्र धोरणच आणलं, आणि अहमदाबादेत त्याच्याही आधीपासून वस्त्यांची छपरं पांढरी होत आहेत. आपल्या औद्योगिक वसाहतींच्या संघटनांनी मिळून एकत्र खरेदी केली तर दरही उतरेल.

उद्यमबाग_टर्निंग

एप्रिल लागला, म्हणून कळवतो. मण्यांचा रंग घेतला नाही. रिपोर्ट मागितल्यावर डीलरने फोन उचलणं बंद केलं. दुसऱ्याकडून रिपोर्ट असलेलं साधं पांढरं अॅक्रिलिक घेतलं, फेब्रुवारीत काम उरकलं. वायसर बदलले, कॉम्प्रेसर मागच्या बोळात हलवला, रिज व्हेंट काढला.

मोजताना एक युक्ती कळली ती लिहितो. इन्फ्रारेड गन चकचकीत पत्र्यावर धरली की आकडा फार कमी दाखवते, फसायला होतं. पत्र्याला खालून काळी इन्सुलेशन टेप चिकटवली आणि टेपवर नेम धरला, मग खरा आकडा आला. रंगवताना छपराचा एक भाग मुद्दाम तसाच ठेवला होता. मार्चच्या सुरुवातीला दुपारी दोनला तिथे ५८ अंश, शेजारच्या पांढऱ्यात ४१.

डोक्यावरची झळ मोजायला टेबल टेनिसच्या चेंडूला काळा मॅट रंग देऊन त्याच्या पोटात थर्मामीटरचा सेन्सर बसवला आणि लेथजवळ डोक्याच्या उंचीवर टांगला. साधा थर्मामीटर शेजारी. जुन्या पत्र्याखाली चेंडू हवेपेक्षा चार-पाच अंश वर असायचा, आता दीडच्या आसपास. हवा स्वतः दोन-तीन अंशच उतरली, पण पोरांचे टॉवेल सुटले. ड्राइव्ह अजून ट्रिप झालेला नाही. जॉब आणि गेज प्लेटवर ठेवून मोजायची सवय लावतोय, त्यात वेळ जातो पण रिजेक्शन कमी झालं.

एक राहिलं. चारनंतर पश्चिमेची पत्र्याची भिंत तापते, ग्राइंडर तिथेच आहे. तिलाही तोच रंग मारू का?

टिळकवाडी_मेकॅनिकल

मारा, नक्की. उतरतं ऊन भिंतीवर सरळ पडतं, तेव्हा ती छपराइतकीच तापते. पण भिंतीला त्याहून चांगला उपाय सावली आहे. दोन फूट सोडून हिरवी शेडनेट ताणा, किंवा लूव्हरच्या वर पत्र्याची झाप काढा. आणि ग्राइंडर शक्य असेल तर पूर्वेच्या भिंतीकडे घ्या, फाउंडेशन नवं घालावं लागेल ते मात्र धरून चला.

रंगकाम_शहापूर

भिंतीला घ्यायचा तर वळवाच्या आधी आटपा, ढग यायला लागलेत. आणि छप्पर पुढच्या होळीच्या आधी नुसत्या पाण्याने आणि मऊ ब्रशने धुवून घ्या. अॅसिड किंवा डिटर्जंट जोराचं नको, थराची कातडी जाते.